बघितलं नाही तर चंद्र नसतो का? : क्वांटम, जाणीव आणि आत्याची साखर

खडूफळा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबलाय पण वाचून नीट मत द्या, मला खरंच गरज आहे.

माझी आत्या, वय ६४, दहा-बारा वर्षांपासून डायबेटीस. दिवाळीनंतर तिच्या कॉलनीतल्या बायकांबरोबर ती दर रविवारी एका 'क्वांटम हीलिंग'च्या वर्गाला जायला लागली. तिथं सांगतात की विज्ञानानं सिद्ध केलंय, बघणाऱ्यामुळे वस्तुस्थिती तयार होते, इलेक्ट्रॉनकडे बघितलं की तो बदलतो, तसं तुम्ही तुमच्या शरीराकडे 'निरोगी' म्हणून बघितलं की पेशी बदलतात. आत्यानं फेब्रुवारीत गोळ्या बंद केल्या. कुणालाच सांगितलं नाही. एप्रिलमध्ये पायाची जखम भरेना म्हणून तपासणी केली तर तीन महिन्यांची साखर ७.२ वरून १०.१ वर गेलेली. मी रागानं बोलले, तर ती शांतपणे म्हणाली, "अगं तूच तर विज्ञान शिकवतेस, तुझ्या पुस्तकात नाही का हे?" मला त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही, नुसतंच 'असं काही नसतं' म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात नववीतल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, आपण बघितलं नाही तर चंद्र नसतो का? व्हिडिओत सांगितलंय." म्हणजे घरी आणि वर्गात एकच प्रश्न. मी बीएस्सी फिजिक्स आहे, दोन फटींचा प्रयोग शिकलेय, पण पेपरला लिहिण्यापुरता. मला विचारायचंय ते हे, की फिजिक्समध्ये खरंच काही प्रश्न सुटलेले नाहीत हे मुलांपासून लपवायचं नाहीये, आणि ते सांगितलं की लोक त्यातूनच आपापलं दुकान थाटतात. मग सांगायचं कसं?

मोरपंख२२

+१. माझ्या आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही हेच फॉरवर्ड फिरतंय. वाचतेय.

रेडिओलहर

खडूफळा, आधी आत्यांच्या गोळ्या परत सुरू झाल्या का ते सांगा. बाकीचं नंतर.

आता फिजिक्स. सगळा घोळ 'निरीक्षण' या शब्दानं केलाय. आपल्याकडे निरीक्षण म्हटलं की डोळे आले, माणूस आला, मन आलं. क्वांटममध्ये त्याचा अर्थ इतकाच की त्या कणाची दुसऱ्या कशाशी तरी अशी गाठ पडली की तो कुठून गेला याची खूण बाहेर उरली, मग ती खूण कुणी वाचो न वाचो. याचा माझा सगळ्यात आवडता पुरावा व्हिएन्नाचा आहे. तिथल्या गटानं १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंचे फुटबॉलसारखे रेणू घेऊन व्यतिकरणाचे पट्टे (दोन लाटा एकमेकींत मिसळल्या की आळीपाळीनं उमटतात तसे) दाखवले, म्हणजे एवढा ढब्बू रेणूसुद्धा लाटेसारखा वागतो. मग २००४ मध्ये त्यांनी ७० कार्बन अणूंचे रेणू घेतले आणि ते वाटेत शिरायच्या आधी लेझरनं तापवले. लोहाराच्या भट्टीतला गज तापला की उजेड टाकतो ना, तसे हे रेणूही तापल्यावर प्रकाश बाहेर टाकतात. जसजसं तापमान वाढवत नेलं तसतसे पट्टे फिके पडत गेले आणि शेवटी गेलेच. कुणी बघत होतं म्हणून नाही. रेणूतून निघालेला प्रकाश यंत्राच्या भिंतीवर जाऊन आपटला, त्याच्याबरोबर रेणूच्या जागेची माहिती निसटली, खेळ संपला. भिंतीला जाणीव नसते.

म्हणून चंद्राचं उत्तर मुलाला असं देता येईल, की चंद्रावर दर क्षणाला सूर्याचे अगणित फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आदळून परत फिरतायत, कुणी वर बघो न बघो, त्याचं 'निरीक्षण' कधी थांबतच नाही. तसा हा प्रश्न त्या व्हिडिओवाल्याचा नाही, आइनस्टाइनचा आहे. फिरायला गेल्यावर त्यानं अब्राहम पाइसला थांबवून विचारलं होतं, तू बघतोस तेव्हाच चंद्र असतो असं तुला खरंच वाटतं का म्हणून. त्याला क्वांटममधलं काहीतरी खुपत होतं आणि ते खुपणं अगदी रास्त होतं, म्हणून त्या मुलाला 'काहीतरीच विचारतोस' असं मात्र म्हणू नका.

तुळशीकट्टा

सर्वांस नमस्कार. मी निवृत्त आहे, वाणिज्य शाखेचा माणूस, पण वीसेक वर्षं वेदान्ताचा अभ्यास करतो. रेडिओलहर साहेब, आपण भिंतीला जाणीव नसते म्हणालात, ठीक. पण क्वांटमचं समीकरण मांडणारा श्रोडिंगर स्वतः उपनिषदं वाचत असे आणि मानत असे, आणि विग्नरसारखा नोबेल मिळालेला माणूस म्हणाला होता की मापनाची साखळी शेवटी जाणिवेपाशीच थांबते. ही माणसं खुळी होती का? आपण लोक पाश्चात्त्यांनी म्हटलं तर विचार म्हणतो आणि आपल्या आजोबांनी म्हटलं तर अंधश्रद्धा म्हणतो, याचं मला वाईट वाटतं.

रेडिओलहर

तुळशीकट्टा काका, अजिबात खुळी नव्हती. श्रोडिंगरला वेदान्ताची ओढ होती हे शंभर टक्के खरं. पण त्याचं समीकरण आपण मानतो ते हायड्रोजनच्या वर्णपटाच्या रेषा त्यातून बरोबर निघाल्या म्हणून. त्यानं उपनिषदाऐवजी ज्ञानेश्वरी वाचली असती किंवा काहीच वाचलं नसतं तरी त्या रेषा तिथंच राहिल्या असत्या.

विग्नरचं तुम्ही सांगितलंत ते १९६१ सालचं, आणि तेही खरंच आहे, तो गंभीरपणे तसं म्हणत होता. पण पुढची गोष्ट कुणी सांगत नाही, की नंतर त्यानं स्वतःच ते मत सोडलं, कारण मोठी वस्तू आजूबाजूच्या जगापासून कधीच अलग नसते, हवेचे रेणू, प्रकाश सतत तिला खेटत असतात हा मुद्दा त्याला पटला. मोठा माणूस पुराव्यापुढे मत बदलतो, आणि आपल्याकडे वर्ग चालवणारे त्याचं टाकून दिलेलं मत साठ वर्षांनी विकत बसतात, याचा मला मनापासून राग येतो.

पण खडूफळा, इथे मला प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी पण अर्धंच सांगितलं असं होईल. पट्टे का जातात ते कळलंय. पण अनेक शक्यतांपैकी आपल्याला नेमकी एकच घडलेली का दिसते, बाकीच्यांचं काय झालं, हे कळलेलं नाही. एव्हरेट १९५७ मध्ये म्हणाला सगळ्या घडतात, बोम म्हणतो कणाला ठरलेली वाट असतेच, काही जण म्हणतात समीकरणातच थोडा बदल हवा. 'नेचर'नं २०२५ मध्ये क्वांटमवाल्यांची पाहणी केली, ११०० वर लोकांनी उत्तरं दिली, आणि सगळ्यात लोकप्रिय कोपनहेगन मताच्या (समीकरण निकालांच्या शक्यता सांगतं, त्यामागं काय ते विचारू नका) बाजूनंसुद्धा जेमतेम ३६ टक्के होते. शंभर वर्षांनंतर! म्हणजे प्रश्न खराखुरा उघडा आहे. फक्त तो कुठे उघडा आहे ते बघा. आजवर केलेल्या प्रयोगांत कुठला निकाल किती वेळा येणार याबद्दल दुमत नाही, तो आकडा सगळेच सारखा काढतात, भांडण आहे ते त्या आकड्यामागं खरं काय चाललंय यावर. आत्यांच्या गोळ्या त्या भांडणात कुठंच येत नाहीत.

शिवारात

मी शेती करतो, बारावी सायन्स. एक शंका आहे, राग मानू नका. तुम्ही विज्ञानवालेच म्हणता विश्वाचा ९५ टक्के भाग काय आहे ते माहीत नाही. आज एक म्हणतात, उद्या बदलतात. मग साध्या माणसानं आज विश्वास का ठेवायचा? औषधाच्या दुकानातला पण विज्ञान म्हणतो, बियाणंवाला पण विज्ञान म्हणतो, तो रविवारचा वर्गवाला पण विज्ञान म्हणतो. आम्हाला सगळे सारखेच दिसतात.

रेडिओलहर

शिवारात दादा, हा या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, राग कशाचा.

९५ टक्क्यांचं आधी. साधारण २७ टक्के डार्क मॅटर, ६८ टक्के डार्क एनर्जी, ५ टक्के आपण, तारे, माती, पाणी सगळं. डार्क मॅटर म्हणजे काय हे माहीत नाही, पण ते काहीतरी आहे हे कशावरून? तर व्हेरा रुबिन यांनी १९७० च्या दशकात दीर्घिकांचे बाहेरचे भाग किती वेगानं फिरतात ते मोजलं, आणि जेवढे तारे दिसतात तेवढ्यांच्या ओढीवर एवढा वेग टिकूच शकत नाही असं निघालं. आपण बांधावर उभे राहून शेजारच्या विहिरीतून पाणी उपसताना आवाज ऐकला तर मोटर दिसली नाही तरी आहे म्हणतो, कुठल्या कंपनीची ते माहीत नसतं, एवढंच. आणि न्यूटन उद्या बदलला म्हणून आजचा खोटा ठरत नाही. चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं ते न्यूटनच्याच गणितानं.

आता ओळखायचं कसं. मी पुण्यात पीएचडी करत होतो तेव्हा विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला, आलेल्या लोकांना समजावून सांगायला उभा राहायचो. नारायणगावजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, तुमच्यापैकी बरेच जण शाळेच्या सहलीत गेले असतील. याच दुर्बिणीनं वर्षानुवर्षं पल्सारचे, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांचे, ठोके मोजले आणि जून २०२३ मध्ये जगातल्या बाकी गटांबरोबर सांगितलं की सगळं अंतराळ अतिशय संथ गुरुत्वीय लहरींनी हलतंय असे संकेत मिळतायत. 'संकेत' हा शब्द बघा. इतकी वर्षं रात्रंदिवस काम केलेल्या माणसांनी 'शोध लागला' म्हटलं नाही, कारण खात्रीची जी पायरी भौतिकशास्त्रात ठरलीय तिथपर्यंत आकडे अजून पोचले नव्हते. २०११ ला इटलीत न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले असं दिसलं, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी जगाला सांगितलं, आमची चूक शोधा. सापडली, एक केबल सैल बसली होती.

तर दादा, बियाणंवाला असो की वर्गवाला, त्याला एकच विचारा, 'तुझं म्हणणं चुकीचं आहे हे मला कशावरून कळेल?' ज्याच्याकडे उत्तर आहे त्याच्याशी पुढं बोला. गुण आला नाही तर 'तुमचीच श्रद्धा कमी पडली' असं म्हणणाऱ्याचं म्हणणं कधीच चुकू शकत नाही, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे.

मोरपंख२२

यावरून नारळीकर सरांची ज्योतिषाची चाचणी आठवली. सर २०२५ च्या मे मध्ये गेले तेव्हा आमच्याकडे बाबांनी सगळ्यांना परत वाचून दाखवलं होतं. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र करून ज्योतिषांना दिल्या होत्या, कुठली कुणाची ते ओळखा म्हणून. दाभोलकरांचे कार्यकर्ते आणि पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ बरोबर होते. २७ जणांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांची उत्तरं पाठवली, बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे सरांनी कुणाला नावं ठेवली नाहीत, नुसतं म्हणाले चला मोजून बघू.

रात्रपाळी

मी भूलतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. आज दिवसभर ऑपरेशनची लिस्ट होती, आत्ता वेळ मिळाला म्हणून लिहितेय, टायपो समजून घ्या.

जाणिवेबद्दल सगळे बोलताय म्हणून, माझं काम रोज तीच बंद करणं आणि परत चालू करणं आहे. पेशंट टेबलवर असतो, मी गप्पा मारत असते, गाव कुठलं, मुलं किती, हातातल्या सुईतून पांढरं प्रोपोफोल जातं, "आमच्याकडं यंदा कांदा..." एवढं बोलतो आणि तिथंच थांबतो. पापणीला बोट लावलं तर हलत नाही. दोन तासांनी जागा होतो, आणि मध्ये वेळ गेला हेच त्याला माहीत नसतं. झोपेतून उठलेल्याला थोडंतरी वाटतं की बराच वेळ गेला, यांना नाही. अठरा वर्षं झाली, अजूनही त्या क्षणाला मी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघतेच.

भुलीचं पहिलं यशस्वी जाहीर प्रात्यक्षिक १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनला झालं, ईथरनं. पावणेदोनशे वर्षं झाली आणि भूल नेमकी जाणीव कशी घालवते हे पूर्ण कळलेलं नाही. प्रोपोफोल मेंदूच्या पेशींवरच्या एका प्रकारच्या ग्राहींवर (रिसेप्टर) काम करतं, केटामाइन भलत्याच, आणि झेनॉन तर निष्क्रिय वायू, रसायनात कुणाशी सहसा जोडी न जमवणारा, तोसुद्धा भूल देतो! आणि 'बेशुद्ध' हेसुद्धा इतकं सरळ नाही. स्नायू सैल करणारं औषध द्यायच्या आधी एका हाताला पट्टा आवळायचा म्हणजे तो हात मोकळा राहतो, मग भूल दिल्यावर त्या पेशंटला म्हणायचं ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. अशा अभ्यासात काही टक्के लोकांनी खरंच हात दाबलाय, आणि नंतर त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. २००६ मध्ये तर प्रतिसादच न देणाऱ्या एका तरुण मुलीला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेयस असं मनात आण, आणि तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखाच भाग उजळला. आयसीयूमध्ये पेशंटच्या उशाशी 'यांचं काही खरं नाही' वगैरे बोलणाऱ्या नातेवाइकांना मी तेव्हापासून बाहेर नेऊन बोलते.

तर आम्हालाही माहीत नाही. पण मला किती मिलिग्रॅम द्यायचं ते माहीत आहे, वजन, वय, किडनी बघून. आणि आत्यांच्या साखरेच्या गोळ्यांचंही तसंच, त्यांचा मेंदूतल्या कोड्याशी संबंध नाही. डायबेटीसमध्ये पायाची न भरणारी जखम साधी नसते, ताई, सर्जनला लगेच दाखवा, थांबू नका. पायाला मुंग्या येतात का, चप्पल निसटलेली कळते का हेही विचारा.

तुळशीकट्टा

डॉक्टर ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. फार मोलाचं लिहिलंत.

रेडिओलहर साहेबांना माझा एक मुद्दा तरीही मांडतो. मेंदूतून जाणीव निर्माण होते हे तुम्ही गृहीत धरता, सिद्ध केलेलं नाही. आमच्याकडे दृक् आणि दृश्य असा विचार आहे, डोळ्याला दिसतं ते दृश्य, मनाला डोळा हेच दृश्य, आणि मनालाही जो बघतो तो साक्षी, तो स्वतः कधीच दृश्य होत नाही. तुमच्या स्कॅनरमध्ये भाग उजळतो तोही दृश्यच झाला. लाल रंग बघताना मला जे आतून वाटतं ते कुठल्या स्कॅनरमध्ये दिसलं?

मात्र एक गोष्ट मला या धाग्यानं लख्ख कळली, ती कबूल करतो. या विचाराला इलेक्ट्रॉनच्या सर्टिफिकेटची गरजच नाही. साक्षीनं बघितलं म्हणून साखर उतरते असं कुठल्याही उपनिषदात नाही, उलट शरीर हे दृश्य, ते आपल्या धर्मानं चालणार, झिजणार, असंच म्हटलंय. तो वर्गवाला दोन्हीकडचं अर्धं अर्धं उचलून विकतोय.

रेडिओलहर

काका, तुमचा लाल रंगाचा प्रश्न अगदी तोच आहे ज्याला तत्त्वज्ञ चाल्मर्स 'कठीण प्रश्न' म्हणतो, आणि मी तो सुटला म्हणणार नाही. १९९८ ला ख्रिस्तोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञानं चाल्मर्सशी पैज लावली होती की २५ वर्षांत जाणिवेच्या मेंदूतल्या खुणा स्पष्ट सापडतील. जून २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये भर सभेत कॉखनं हार मानली आणि वाइनची पेटी आणून दिली. दोन मोठे सिद्धांत समोरासमोर ठेवून, आधी दोघांकडून 'असं दिसलं तर आमचं चुकलं' हे लिहून घेऊन प्रयोग केले, तर दोन्हींचे काही अंदाज चुकले. हे मला फार सुंदर वाटतं.

क्वांटम आणि जाणीव जोडणारा एक गंभीर प्रस्तावही आहे, पेनरोझ आणि हॅमेरॉफ यांचा, पेशींतल्या सूक्ष्मनलिकांबद्दल. हॅमेरॉफ तर रात्रपाळी ताईंच्याच पेशातले. मला तो पटत नाही, मेंदू इतका गरम आणि ओला आहे की टेगमार्कनं २००० साली हिशोब केला तेव्हा तसली क्वांटम अवस्था डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी मोडते असं निघालं. त्यांनी त्यावर उत्तर दिलंय, वाद चालू आहे. पण तो वाद आहे, आकड्यांसकट, आणि त्यात कुणी गोळ्या बंद करा म्हणत नाही.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवड्यांनी लिहितेय.

आत्याच्या गोळ्या सुरू झाल्यात, सर्जननं जखम साफ केली, रोज ड्रेसिंग, भरायला लागलीय. मी तिच्याशी क्वांटमवर वाद घातलाच नाही. तिच्या शेजारी बसून विचारलं, तिथं तुला काय बरं वाटतं? तर म्हणाली, "तिथं पाऊण तास माझ्याशी बोलतात गं. डॉक्टर रिपोर्ट बघतो आणि पुढचा नंबर." काका गेल्यापासून ती एकटी आहे, आणि आम्ही सगळे फोनवर 'गोळ्या घेतल्यास का' एवढंच विचारतो. हे मला आधी दिसायला हवं होतं. ती रविवारी अजून जाते, गोळ्या घेऊन जाते. मी आता बुधवारी संध्याकाळी जाते तिच्याकडे.

वर्गात लॅबच्या खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला, लेझर पॉइंटर चिमट्यात घट्ट बसवला, एका मुलीचा केस काचेवर चिकटवून आडवा धरला, आणि चार मीटरवरच्या भिंतीवर ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना पट्टे उमटले. आधी कुणालाच खरं वाटेना. पट्ट्यांमधलं अंतर मोजलं, साडेतीन सेंटिमीटर, लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, आणि फळ्यावर गणित केलं तर केसाची जाडी आली साधारण ७४ मायक्रॉन. मग तो चंद्रवाला मुलगा, मागच्या बाकावरून, "मॅडम, सगळे जण डोळे मिटू, मग पट्टे जातात का बघू." मी म्हटलं मिटलेल्या डोळ्यांनी बघणार कसं? तर त्यानंच सुचवलं, भिंतीवर मोबाईल लावू, रेकॉर्डिंग चालू ठेवू आणि सगळे व्हरांड्यात जाऊ. गेलो. तीन मिनिटं ५२ मुलं बाहेर उन्हात उभी. परत येऊन बघितलं तर पट्टे पूर्ण वेळ होते. एक जण म्हणाला मोबाईल बघत होता की, तर दुसरीनं लगेच उत्तर दिलं, मोबाईलला कुठं मन असतं. पाच मिनिटं यावरच वाद. मग मी तुमचा ७० कार्बनवाला प्रयोग सांगितला.

शेवटी तो चंद्रवाला म्हणाला, एका वेळी एकच फोटॉन सोडला तर? मी सांगितलं तरीही एकेक ठिपका जमून पट्टेच होतात, जपानमध्ये १९८९ ला एकेक इलेक्ट्रॉन सोडून तसं करून दाखवलंय. "मग तो केसाच्या कुठल्या बाजूनं गेला?" मी म्हटलं, यावर मोठमोठ्या लोकांचं अजून एकमत नाही. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय, पुसू नका म्हणून सांगितलंय.

रात्रपाळी

जखम भरतेय हे वाचून बरं वाटलं. ड्रेसिंग पूर्ण भरेपर्यंत सोडू नका, आणि अनवाणी अजिबात नको, घरातसुद्धा.

रेडिओलहर

व्हरांड्याची कल्पना फार आवडली, मी हे कधी केलं नव्हतं. एक सूचना, लेझर ५ मिलिवॉटच्या वरचा घेऊ नका, जत्रेत मिळणारे हिरवे तर नकोच, आणि मुलांना लेझरच्या मागच्या बाजूलाच उभं करा, मध्ये स्टीलची पट्टी, घड्याळ असलं काही चमकणारं यायला नको. आणि केसाची जाडी पट्ट्यांवरून काढली ती बरोबर आहे हे कशावरून, असं कुणी विचारलं का?

खडूफळा

विचारलं ना! शुक्रवारी दहावी ब चा तास आहे. केसाऐवजी जुन्या पंख्याच्या मोटरमधली बारीक तांब्याची तार घेणार आहोत, वरचं व्हार्निश खरवडून. एक गट पट्ट्यांवरून जाडी काढेल, दुसरा गट स्क्रू गेजनं मोजेल, आणि दोघांनी एकमेकांना आकडा आधी सांगायचा नाही.